मेलेल्या माणसाच्या नावाआधी

माझं काम काय ते लोकांना समजावून सांगायला गेलं की ते जांभया देतात, म्हणून मी "टायपिंगचं" एवढंच सांगून मोकळी होते. खरं तर मी टायपिंग करत नाही. चंद्रपूरला एका औषधाच्या दुकानावर दोन खोल्यांत आमचं ऑफिस आहे, आणि तिथं परदेशातल्या प्रकाशकांची पुस्तकं पानांवर बसवली जातात. मजकूर ते पाठवतात. तो कसा दिसायचा याचे नियम एका वेगळ्या फाइलीत लिहून ठेवलेले असतात. तिला स्टाइलशीट म्हणतात. मथळा केवढा, समास किती, तळटीप कुठं, सगळं त्यात. मजकूर कोणताही ओता, तो त्या नियमांप्रमाणेच छापून निघतो. या नियमांतला माणसांच्या नावांचा भाग बरीच वर्षं माझ्याकडे आहे.

नावं हे मोठं दुखणं आहे. हंगेरीचा माणूस आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं आडनाव आधी लिहितो. स्पेनच्या माणसाला आडनावं दोन, एक बापाकडचं, एक आईकडचं. इंडोनेशियात कित्येकांना मुळात एकच नाव असतं आणि तेवढ्यावर त्यांचं छान भागतं. आइसलँडच्या माणसाचं शेवटचं नाव हे आडनाव नसतंच, 'अमक्याचा मुलगा' किंवा 'तमक्याची मुलगी' इतकाच त्याचा अर्थ, म्हणून सूचीत त्याला पहिल्या नावानंच लावायचं. हे मला पुस्तकात वाचून कळलं नाही. आम्ही एकदा तिकडच्या एका बाईंना सूचीत चुकीच्या अक्षराखाली घातलं, त्यांनी प्रकाशकाला रागाचं पत्र लिहिलं, प्रकाशकानं त्यांची माफी मागितली आणि आमची कानउघाडणी केली. सूची नव्यानं करावी लागली. मालकानं मला समोर बसवून सांगितलं, "नाव म्हंजे माणसाची इज्जत असते. यापुढे एकाही देशाचं नाव चुकलं नाई पाहिजे."

मला ते मनापासून पटलं. प्रत्येक भाषेला आणि देशाला त्या फाइलीत आपला आपला कप्पा असतो, त्याला लोकेल म्हणतात. मी एकेक कप्पा निगुतीनं भरत गेले. ज्या देशांत मी मेल्यावरही जाणार नाही, तिथल्या माणसांना काय म्हटलेलं आवडतं आणि काय खटकतं, हे मला आज झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

मराठीचा कप्पा मात्र मी येण्याआधीच कुणीतरी भरून ठेवलेला होता. पुरुष असेल तर श्री. लग्न झालेली बाई असेल तर सौ. मेलेला असेल तर स्व. संपलं. साऱ्या मुलखात जणू एकाच घरची माणसं जन्मतात आणि एकाच दारातून बाहेर पडतात.

आमच्यात मेलेल्या माणसाच्या नावाआधी 'कालकथित' लिहितात. आमच्यात म्हणजे बौद्धांत. धम्मदीक्षा चांद्यालाही, म्हणजे आताच्या चंद्रपूरलाही झाली, तेव्हा माझे आजोबा तिथं होते. त्या दिवसापासून आमच्या घरानं स्वर्ग आणि कैलास या दोन्ही पत्त्यांवरचा विश्वास सोडला. माणूस गेला म्हणजे त्याचा काळ झाला, एवढंच. आत्मा कुठं बसला, कुणाच्या मांडीवर बसला, याची चौकशी आम्ही करत नाही. ज्यांना करायची त्यांनी करावी, माझी काही तक्रार नाही. फक्त आमच्या माणसाला न विचारता तिकडे पाठवू नये.

माझे बाबा एटापल्ली तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षक होते. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी तिथंच काढली. आई आणि आम्ही भावंडं आधी तिथंच राहिलो, पुढं शिक्षणासाठी चंद्रपूरला आलो. बाबा मात्र तिथल्याच एका खोलीत राहिले, माडिया आदिवासी पोरांना गणित शिकवत आणि त्यांच्याकडून गोंडी शिकत. कुणी "देव तुमचं भलं करो" म्हटलं की ते म्हणायचे, "त्याले कशाले तरास? आपन करू ना." रागानं नाही, हसत. पण म्हणायचेच. सोडायचे नाहीत.

त्या शाळेत ऑफिसच्या दाराजवळ शिक्षकांच्या नावांचा रंगवलेला फलक होता. सगळ्यांच्या नावाआधी श्री. बाबांनी हेडमास्तरांना सांगितलं, माझ्या नावाआधी 'आयु.' लिहा, आयुष्मानचं आयु., आमच्यात तसं लिहितात. हेडमास्तर म्हणाले, फलकावर एकच पद्धत चालते. बाबा म्हणाले, मग माझ्यापुरतं काहीच लिहू नका. पेंटरनं तसंच केलं. सगळ्यांच्या नावाआधी श्री., आणि त्यात एक नाव नागडं. निवृत्त होईपर्यंत ते तसंच राहिलं. येणारा प्रत्येक अधिकारी, प्रत्येक पालक ते बघायचा आणि आपापला अर्थ काढायचा. त्यातल्या बहुतेकांनी काय अर्थ काढला असेल हे मला चांगलं माहीत आहे. बाबा म्हणायचे, "बरं झालं. पेंट वाचला." ते हसले म्हणून आम्ही हसायचो. आई कधी हसली नाही.

निवृत्तीनंतर बाबा चंद्रपूरला आमच्याकडे आले. ते गेले त्या दिवशी आमच्या चौकात फ्लेक्स लागला. फ्लेक्सवाल्यांकडे तयार नमुना असतो: मधे फोटोची जागा, बाजूला समई, वर फुलांची माळ, खाली 'स्व.' आणि नाव टाकायची रिकामी ओळ. गल्लीतल्या मुलांनी प्रेमानंच लावला होता. आई दारातून बाहेर आली, तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, "हे उतरवा आधी. मंग रडू." बाया तिला धरायला धावल्या, त्यांना वाटलं दुःखानं भ्रमिष्ट झाली. तिनं सगळ्यांचे हात बाजूला केले आणि फ्लेक्स खाली येईपर्यंत तशीच उन्हात उभी राहिली. मग घरात जाऊन रडली.

त्यानंतर तीनेक वर्षांनी बाबांच्या शाळेचा सुवर्णमहोत्सव ठरला आणि स्मरणिका काढायचं ठरलं. संपादक म्हणून जे निवडले गेले ते बाबांचे जुने विद्यार्थी, आता त्याच शाळेत शिक्षक. तेही आमच्यातलेच. लहानपणी ते आमच्या घरी जेवले आहेत, माझ्यापेक्षा मोठे, मी त्यांना भाऊ म्हणते. ते चंद्रपूरला घरी आले, दारातच इकडंतिकडं बघून हळूच "जयभीम, बाई" म्हणाले आणि आईच्या पाया पडले. स्मरणिकेचं काम आमच्याच ऑफिसला द्यायचं, म्हणजे गुरुजींची मुलगी लक्ष घालील, असं त्यांच्या मनात होतं. दिवंगत शिक्षक-कर्मचाऱ्यांना श्रद्धांजलीचं एक पान असणार होतं. त्यासाठी बाबांचा फोटो हवा होता.

आईनं फोटो काढून दिला, पुसून दिला. मग म्हणाली, "भाऊ, एक सांगतो. फलकावर त्यायचं नाव जिंदगीभर कोरं राह्यलं. आता तरी बरोबर लिहा. कालकथित लिहा."

"हे का सांगाव लागते का, बाई?" ते म्हणाले. "मले गुरुजींनं शिकवलं आहे."

आईनं त्यांना दुसऱ्यांदा चहा दिला. ते गेल्यावर मला म्हणाली, "तुह्या हातचंच काम आहे ना आता? मंग चुकाचं कारन नाई." तिला दुसरं काही नको होतं. सत्कार नको, भाषण नको, लेख नको. एका शब्दासाठी ती थांबली होती, आणि तो शब्द छापणारं ऑफिस तिच्या लेकीचं होतं.

मी ते काम हावरटासारखं अंगावर घेतलं. मराठीचा कप्पा उघडला आणि मेलेल्यांसाठीचा तो एकुलता एक नियम काढून टाकला. त्याऐवजी असं केलं की प्रत्येक नावाबरोबर त्या घराची इच्छाही लिहायची. जे घर जे म्हणेल ते छापून येईल. बाबांच्या पानावर आणखी काही माणसं होती. त्या काळचे कारकून मुसलमान होते, त्यांच्या मुलाला फोन केला, तो म्हणाला "मरहूम लिहा." दोन शिक्षकांच्या घरून "स्व." आलं, ते तसंच ठेवलं. शाळेचा स्वयंपाकी माडिया होता. त्याच्या पुतण्याला विचारलं, नावाआधी काय लिहू? त्याला प्रश्नच कळला नाही. मी पुन्हा समजावलं. तो म्हणाला, "गावाबाहेर त्याचा दगड उभा केला ना आमी. मंग कागदावर अजून का पाह्यजे?" त्यांच्यात मेलेल्या माणसाच्या नावानं दगड उभा करतात. मी त्याच्या नावाआधी काही घातलं नाही.

इतकी वर्षं मी परक्या मुलखांची नावं सावरली, पण ते पान प्रिंटरमधून बाहेर आलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण शिकलो ते कुठंतरी कामाला आलं. प्रूफ घरी नेऊन आईला दाखवलं. तिनं बोट ठेवून वाचलं. मग कारकुनांचं नाव वाचलं, स्वयंपाक्याचं वाचलं, त्या दोन शिक्षकांचीही वाचली. "सगळे आपआपल्या घरचे दिसून राह्यले," ती म्हणाली.

प्रूफ शाळेकडे गेलं. आठवड्याभरात भाऊ स्वतः ते घेऊन ऑफिसात आले. श्रद्धांजलीच्या पानावर लाल पेनानं सगळं खोडलेलं होतं आणि प्रत्येक नावाआधी 'स्व.' लिहिलं होतं. अक्षर त्यांचंच. मुसलमान कारकुनालाही स्व., माडिया स्वयंपाक्यालाही स्व.

"समिती म्हनते, एकसारखं पाह्यजे," ते म्हणाले.

"समिती म्हणते की तुम्ही?"

ते खुर्चीवर बसले. आवाज उतरवून म्हणाले, "बहिन, तू समजून घे. असं छापलं का पान उघडल्याबरोबर दिसते, कोन कोनाचं. मोठमोठे पाहुने येनार आहेत. मंग हे कोनं केलं म्हनून विचारतीन. संपादक कोन, तर मी. मंग माह्याकडे पाहतीन."

"पाहू द्या की. खोटं काय आहे त्यात?"

"तू चंद्रपुरात बसून बोलून राह्यली. मले त्याच शाळेत रोज जा लागते. स्टाफरूममधी कोनी मले काही म्हनत नाई, काऊन? कारन मी कोनाले काही आठवू देत नाई. एवढ्या वर्षात जमवलं आहे मी ते."

"आईला शब्द दिला होता तुम्ही."

"गुरुजी मोठे होते. त्याईले जमलं. मले नाई जमत." हे ते अगदी खरं बोलले. त्यांचे डोळेही भरून आले होते. पण म्हणून माझा राग कमी झाला नाही, आजही झालेला नाही. स्वतःच्या भित्रेपणावर ज्याला रडू येतं आणि तरी जो हातातलं लाल पेन खाली ठेवत नाही, अशा माणसाचं काय करावं हे मला कळत नाही. उघड शत्रू परवडला. त्याच्याशी भांडता तरी येतं.

मी मालकाकडे गेले. ते म्हणाले, "गिऱ्हाईक म्हनते तसं करून दे."

"त्या आइसलँडच्या बाईंचं नाव चुकलं तेव्हा तुम्हीच म्हणाला होता, नाव म्हणजे इज्जत."

"ते बाहेरचे लोक आहेत ना. त्यायच्या भावना सांभाळाव लागते. हे आपले घरचेच आहेत, चालून जाते. आन् तू हे धरम-गिरम मधात आनू नको."

दुसऱ्याच्या कार्ट्याला मांडीवर घ्यायचं आणि आपल्या बाब्याला दाराबाहेर उभं करायचं, अशी ही उलटी रीत. मी म्हटलं, माझ्या बापाला मी माझ्या हातानं स्वर्गात धाडणार नाही. मालक चिडले नाहीत. "नको करू, मी करतो," म्हणाले आणि माझ्याच संगणकावर बसले. मी तो नियम इतका स्वच्छ बांधला होता की तो मोडायला एक ओळ पुरली. घरांनी सांगितलेलं सगळं बाजूला सारून 'स्व.' लाव, एवढंच. क्षणात पान बदललं. फोटोतले बाबा होते तसेच राहिले.

मी त्याच दिवशी घरी जाऊन आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं काही शिव्या दिल्या नाहीत, मला बोल लावला नाही. सूप बाजूला ठेवून म्हणाली, "कार्यक्रमाले बोलावलं आहे ना आपल्याले? जाऊ मंग."

"कशाला जायचं आता?"

"पाहू तर दे, कोन्या तोंडानं बोलावते."

आम्ही एसटीनं गेलो. आलापल्लीच्या पुढं लोहखनिजाच्या ट्रकांनी रस्त्याची दोन्हीकडची झाडं पार लाल करून टाकली आहेत. आई नवी पांढरी साडी नेसली होती, पोचेपर्यंत तिची रया गेली. शाळेच्या मैदानात मांडव होता. पोरांनी ढोल वाजवून पाहुण्यांना आत नेलं. मग नेहमीचं सगळं झालं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, एकेका पाहुण्याचं लांबलचक भाषण. स्मरणिकेचं प्रकाशन झालं आणि एकेक प्रत सगळ्यांच्या हातात आली. आईनं ते पान बरोबर काढलं. बाबांच्या नावावर बोट ठेवलं आणि ते बोट तिथंच ठेवून पुस्तक मिटलं. आमच्या पुढच्या रांगेत कारकुनांचा मुलगा बसला होता. त्यानंही पान पाहिलं, मागं वळून माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. काय लिहू, हे फोनवर त्याला मीच विचारलं होतं.

मग दिवंगत शिक्षकांच्या कुटुंबीयांचा सत्कार सुरू झाला. सूत्रसंचालन भाऊच करत होते. माईकवरून त्यांचा आवाज आला, "स्वर्गीय गुरुजींच्या धर्मपत्नी आपल्यामधी उपस्थित आहेत, मी त्यांना विनंती करतो..." आई उठली नाही. त्यांनी पुन्हा पुकारलं. लोक वळून बघायला लागले. मी तिचा हात धरला, तिनं तो सोडवून घेतला. शेवटी भाऊ स्वतःच शाल आणि नारळ घेऊन मंचावरून खाली आले, आमच्या रांगेपाशी वाकले.

"बाई, चला ना वर. सारे पाहून राह्यले."

आईनं त्यांच्याकडं शांतपणे पाहिलं. "स्वर्गात गेले म्हनता ना तुमी गुरुजी? मंग शाल तिकडंच पाठवा. मी कोन हो घेनारी?"

ती मोठ्यानं बोलली नाही, पण आजूबाजूच्या दोन-तीन रांगांना ऐकू गेलं. कुणीतरी खुसकन हसलं. भाऊंचा चेहरा कसा झाला ते सांगण्यात मला गंमत वाटत नाही, तेव्हा मात्र वाटली होती. शाल हातात धरून ते तसेच उभे राहिले. मंचावरून पाहुण्यांनी विचारलं, काय झालं? भाऊंनी माईकजवळ जाऊन सांगितलं, बाईंची तब्येत ठीक नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. का वाजवल्या कुणास ठाऊक.

जेवायला आम्ही थांबलो नाही. फाट्यावर येऊन एसटीची वाट बघत बसलो. स्मरणिका आईनं खुर्चीवरच सोडली होती. मला वाटलं होतं ती जिंकल्यासारखी असेल, पण ती नुसती दमलेली दिसत होती. साडीवरची लाल धूळ झटकत होती, ती काही निघत नव्हती.

"एक सांगून ठेवतो तुले," ती म्हणाली. "माह्या वेळेस काहीच छापू नको. फ्लेक्स नको, पेपरात नको, पत्रिका नको. लोकाइले फोन करजो फक्त."

"असं का म्हणतेस? मी बरोबर लिहीन ना, आई."

"मले मालूम आहे," ती म्हणाली. "तुह्या बाबाचं बी तू बरोबरच लिहिलं होतं."